कडेची दोन बोटं

१२ मार्च

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग या वेळी अगदी खरा आहे, कारण मी आडवाच आहे.

पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. घरी टाकलं तर आई आधी फोडेल, आणि फोनवर बोलावं तर ती तुझ्या कानाला कान लावून बसते. तर आधी हे वाच की मी जिवंत आहे. मागच्या महिन्यात मी परांचीवरून पडलो. वरच्या मजल्याची भिंत रंगवत होतो, फळी सरकली, आणि मी रंगाच्या बादलीसकट खालच्या वाळूवर. डोकं शाबूत आहे. मामा म्हणतो, त्यात मोडण्यासारखं काही नव्हतंच. मामा म्हणजे आमच्या खोलीतला फिटर, सगळ्यांत वयस्कर, म्हणून सगळ्यांचा मामा. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली मोडला. हाड बाहेर आलं होतं. डॉक्टरांनी चिरून ते आत बसवलं, बाहेरून लोखंडी सळया लावल्या आणि खोलीवर पाठवून दिलं. सांगितलं, हाड जुळेपर्यंत हलायचं नाही.

हलायचं नाही, असं मला! चौथीत मास्तरांनी मला बाकाला बांधलं तर मी बाक ओढत पटांगणात गेलो होतो. पायाला भिंगरी, पायाला भिंगरी म्हणता म्हणता तुम्ही माझं नावच भिंगरी पाडलंत. आता ती भिंगरी सळयांत अडकली आहे.

सकाळी सगळे कामाला जातात आणि खोलीत मी आणि पाच रिकामे बंक उरतो. खिडकीतून एक पत्र्याची भिंत आणि एक गळका पाइप दिसतो. वरच्या बंकच्या फळीवर कोणीतरी खिळ्याने एक बाई कोरली आहे, तिचं नाक मला पाठ झालंय. ताई, परवा मी उठलो. दारापर्यंत लंगडत गेलो. जखम उलली आणि चादर लाल झाली. डॉक्टर फार चिडले. म्हणाले, जखम चिघळली तर गुडघ्याखालचं काढून टाकावं लागेल.

परांचीवर चढून भिंत रंगवणं, एवढंच मला येतं. पाय गेला तर मी काय करणार? माझ्या हातांना काहीतरी काम दे. नाहीतर मी पुन्हा उठेन, मला माझी खात्री नाही. आईला एक अक्षर सांगू नकोस.

राग आला तरी लोभ जाऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि तितक्याच शिव्या. शिव्या तू घरी आल्यावर तोंडी देईन.

पत्र वाचताना मशीनवर एका बाईंचा झगा होता, त्याची बाही मी उलटी जोडली. आईला सांगितलंय की तुझा फोन रंगाच्या डब्यात पडला. तिचा लगेच विश्वास बसला, यावरून तुझी कीर्ती ओळख.

सोबत पार्सल आहे. त्यात सुया, दोरा, अंगुस्तान, दुकानातल्या चिंध्या आणि कापसाची पातळ गादी कापून ठेवली आहे. तू गोधडी शिवायची आहेस. हसू नकोस. पुरती गोधडी बंकवर मावणार नाही हे मलाही कळतं. आतापर्यंत मीही जमिनीभर अंथरून, चारी बाजूंनी सरकत सरकतच शिवत आले. पण पलीकडच्या गल्लीतल्या शिवणबाईंनी मला एक वेगळी रीत दाखवली. त्यात एक एक चौकोनच पुरा करायचा. खाली अस्तर, मध्ये कापूस, वर चिंध्यांचा जोड, आणि तिन्हीवर मिळून धावदोरा घालायचा. तो चौकोन झाला की बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. सगळे झाले की शेवटी एकमेकांना जोडायचे. माझा आधी विश्वास नव्हता. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात गल्ल्यावर बसून दोन करून पाहिले आणि बसला. मांडीवर मावतं, पडून शिवता येतं, पाय लागत नाही.

एकच नियम पाळ. टाके मधून कडेकडे घालत ये, आणि चारी कडांना दोन-दोन बोटं मोकळी सोड. तिथे टाका घालायचा नाही. जोडताना वरचं कापड वरच्याला शिवायचं, कापूस कापसाला भिडवायचा आणि मागचं अस्तर दुमडून तुरपायचं. कडा मोकळ्या असल्या तरच हे जमतं. नमुन्याचा चौकोन टाकला आहे, तो बघ.

ड्रेसिंगला वेळेवर जा. हातपाय गाळू नकोस, असं लिहिणार होते, पण तुझ्या बाबतीत ते शोभत नाही. धीर सोडू नकोस.

तुझ्यावर जीव लावून बसलेली,
ताई


५ एप्रिल

ती. स्व. ताईस,

आडवा नमस्कार.

पहिला चौकोन मी चादरीला शिवून टाकला. पोटावर ठेवून शिवत होतो, सुई किती खोल जाते ते कळलं नाही. उचलायला गेलो तर चादर, चादरीखालची सतरंजी, सगळं वर आलं. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, भाचा स्वतःलाच अंथरुणात शिवून घेतोय, आता पळायची भीती नाही.

पण मग जमलं. सुई वर येते, खाली जाते, तेवढा वेळ मी पाय विसरतो. आता खोलीतले सगळे आपले फाटके शर्ट आणून देतात. वेल्डरचा निळा, स्वयंपाक्याचा चौकड्यांचा, माझी रंग सांडलेली विजार. झालेले चौकोन तुला बघायला पाठवतोय. तू दोन बोटं सोड म्हणाली होतीस, पण मोकळी कड बघून मला राहवेना. सुई हातात आणि पुढे कापड शिल्लक, मग थांबायचं कसं? मी थेट कडेपर्यंत शिवलंय. जास्त मजबूत होईल.

पाय ठीक आहे. लिफ्ट बंद पडली आहे, म्हणून ड्रेसिंगला जाताना मामाला मला पाठीवर घेऊन जिने उतरावे लागतात. त्याचं वय झालं. गेल्या दोन वेळा मी त्याला सांगितलं की डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यावर ढकललंय. नाहीतर तिथे काय करतात, पट्टी बदलतात आणि तोंड वाकडं करतात. खोलीत जरा वास येतो. वरच्या बंकवाला म्हणतो, कोणीतरी मोजे धुवा. गरमीचा असेल. मला उलट थंडी वाजते, म्हणून गोधडी लवकर झालेली बरी.

आईला म्हणावं, पोरगा मजेत आहे. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तरी चालेल.

तुझा,
भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

चौकोन मिळाले. कडेपर्यंत शिवलेले जोडता येत नाहीत. जोडायला कडेला काही सुटंच नाही. चारी बाजू उसवाव्या लागतील, म्हणून परत पाठवतेय. पण हे पत्र त्यासाठी नाही.

तुझे चौकोन मी गल्ल्यावर ओळीने मांडले. सुरुवातीचे बघून मला भरून आलं. मुंग्यांच्या रांगेसारखे टाके, आपल्या घरात कोणाचे इतके सरळ नाहीत. मग पुढचे बघितले. टाका लांब व्हायला लागला. मग तिरका. शेवटच्या चौकोनात दोरा एका जागी गुंतलाय, एका जागी तू तिथल्या तिथेच टाका घालत राहिलास, आणि मध्येच सुई लागल्याचा रक्ताचा थेंब आहे. हे शिवणारा माणूस तापात होता. वास आणि थंडी तू गंमत म्हणून लिहिलीस. मी ती गंमत म्हणून वाचली नाही.

तू ड्रेसिंग चुकवलंस. दोनदा. मामाच्या पाठीची दया आली म्हणून नाही, डॉक्टर काय म्हणतील या भीतीने. मी तुझी बहीण आहे, मला शिकवू नकोस. तुझा फोन लागत नाही, मामांचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून याच पाकिटात मामांच्या नावाची चिठ्ठी आहे. ती तू दाबून ठेवशील म्हणून तशीच दुसरी वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. त्यांना लिहिलंय की हा नाही म्हणाला तर गोणीसारखा खांद्यावर टाका.

घाईत लिहितेय. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच. आजच दवाखान्यात जा.

ताई


१९ एप्रिल

ताई,

नमस्कार. मायने-बियने सुचत नाहीत.

मामाने चिठ्ठी वाचली आणि मला खरंच गोणीसारखं उचललं. जिन्यात मी त्याला चावलो. तो थांबला नाही. आता मी दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि सिस्टर लगेच खिडकी उघडायला गेली. हाड जुळलेलं नाही, आत सगळं सडलंय. औषध चढवतायत, पण ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, परवापर्यंत थांबू, त्यापुढे विष वर चढेल आणि मग पाय नाही, माणूसच जाईल. सहीचा कागद उशाला ठेवून गेलेत.

मी सही करणार नाही. मेलो तर दोन्ही पायांवर मरेन. मला वरून खाली बघायला आवडतं ताई, दोराला लटकून, वारा लागतो, खाली माणसं चिमण्यांएवढी. कुबड्यांवर मी कुठे जाणार? तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांच्या चपला राखू?

तरी मी ते चौकोन उसवतोय. तू परत पाठवलेस ते मामाने आणून दिले. शिवण्यापेक्षा उसवणं वाईट. आपलाच टाका आपणच कापायचा आणि दोरा कापसात अडकून बसतो, निघत नाही. काल रागाने एक चौकोन भिंतीवर फेकला. मग बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने खाली वाकून उचलून दिला, त्याला स्वतःला सलाईन लावलेलं असताना.

मला फार भीती वाटते. हे फक्त तुला लिहितोय. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? हे पत्र तिकडे माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हरकडे देतोय, तो रात्रीतून पोचेल. उद्याच परत फिरणार आहे. त्याच्याच हाती उत्तर दे.

तुझा भाऊ


२० एप्रिल

माझ्या बाळास,

ड्रायव्हर दुकानात उभा आहे, त्याला चहा दिलाय, तो संपेपर्यंत लिहिते.

मी सही केली असती. रडत, डॉक्टरांना शिव्या देत, पण केली असती.

पुढे तू काय करशील हे मला माहीत नाही. सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही, कारण ते तुलाही खोटं वाटेल आणि मग माझ्या आधीच्या वाक्यावरही तुझा विश्वास बसणार नाही. परांचीवर तू पुन्हा चढणार नाहीस. त्याचं मला फार वाईट वाटतं. चपला राखायला मी तुला बसवणार नाही. गिऱ्हाइकं आधीच कमी आहेत, तुझं तोंड बघून तीही पळतील.

मी आज रात्रीच्या गाडीने निघतेय. पण माझी वाट बघत सही लांबवू नकोस. मी पोचल्यावर तू ओरड, मार, चाव, मामांना चावलास तसा. फक्त ओरडायला तू असला पाहिजेस.

आईला मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं.

चहा संपला.

ताई


३ मे

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

ताई तुला म्हणाली की ती लग्नाचे कपडे शिवायला परगावी जातेय. ती इथे माझ्याजवळ आहे. तिच्यावर रागावू नकोस, खोटं तिचं नाही, माझं आहे. मीच तिच्याकडून वदवलं. हे पत्र वाचताना खाली बस.

फेब्रुवारीत मी कामावर पडलो. उजवा पाय मोडला, आणि मग माझ्या हट्टाने चिघळला. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला. सही मी केली. ताई पोचायच्या आधी, मामासमोर. मामा म्हणजे इथला माझा माणूस, तुला भेटवेन. सही करताना पेन चालेना, त्याने ते आपल्या तळहातावर घासून दिलं आणि तोंड फिरवलं.

ताप उतरलाय. मी जेवतो. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून सांगतो, रोज रडतो. सकाळी जाग आली की उजव्या पायाचा अंगठा हलवतो आणि तो हलतो, अगदी हलतो, मग मी खाली बघतो. डॉक्टर म्हणतात, काही दिवस असं होतं. किती दिवस, ते सांगत नाहीत. काल मी ताईला नको ते बोललो. तिने ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली की अस्तर सरळ धर.

आम्ही गोधडी जोडतोय. चौकोन मी पडल्या पडल्या शिवलेत, तुझा विश्वास बसणार नाही. कडा सगळ्या उसवून झाल्या. ती दोन चौकोन समोरासमोर धरते, मी शिवतो. मग उलटं करून कापसाला कापूस भिडवायचा, अस्तर दुमडायचं, तुरपायचं. एक ओळ झाली की बाजूच्या खाटांवरची माणसं हात लावून बघतात. मामा म्हणाला, आता पायाकडच्या दोन ओळी नाही केल्या तरी चालेल, कापूस वाचेल. लगेच त्याला कळलं आपण काय बोललो ते, बिचारा काळाठिक्कर पडला. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मी त्याला सांगितलं की दोन्ही ओळी होणार.

सुट्टी मिळाली की ताई मला घेऊन येईल. तू इकडे यायची धडपड करू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत. मला यायचंच आहे, आई. इतके दिवस तुला सांगायचं नव्हतं, त्याचं कारण तूच आहेस. तू बघशील, आणि मग ते खरं होईल, असं वाटायचं.

तुझा लोभ वेगळा काय मागू? फक्त दार उघडशील तेव्हा आधी माझ्या तोंडाकडे बघ.

तुझा मुलगा