गुलशन थिएटर, चांदपाशा आणि माझी मिळकत

लिहून ठेवणार: नानासाहेब कारभारी औताडे, वय ७८, निवृत्त प्राध्यापक व व्याख्याता, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या विरोधकांचे मत वेगळे आहे, पण ते डॉक्टर नाहीत. कोणाच्या दडपणाखाली मी आजवर काही लिहिले नाही, हेही लिहीत नाही. माझे २०१६ चे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या पुतळ्याचा उल्लेख होता.

१. घर. पडेगावचे घर, अंगणातल्या बोअरसह, माझी एकुलती मुलगी प्रेरणा हिला. पत्नी केसरबाई हयात नाही. तिने या घरात भाषणबंदी लावली होती. ती उठवायची की नाही, हे प्रेरणाने ठरवावे.

२. पुस्तके. चार हजारांवर आहेत. लासूर स्टेशनच्या वाचनालयाला द्यावीत. कडेच्या जागेत मी लेखकांशी भांडलो आहे, ते खोडू नये.

३. शाली. सत्काराच्या शाली दवाखान्यांबाहेर उघड्यावर झोपणाऱ्या नातेवाइकांना वाटाव्यात. वाटताना भाषण करू नये, विशेषतः अप्पाराव शेवाळे यांनी. माझ्या शोकसभेतही त्यांना माइक देऊ नये. १९९१ साली माझ्याआधी पाच मिनिटे मागून ते एक तास दहा मिनिटे बोलले. खुर्ची मात्र चांगली द्यावी.

४. गुलशन थिएटर. ते माझे नव्हते, आणि आता कोणाचेच नाही. निजामाच्या काळातले, सागवानी गॅलऱ्यांचे. एका आठवड्यात मराठी संगीत नाटक, दुसऱ्या आठवड्यात उर्दू. दोन्हीकडच्या प्रेक्षकांना एकमेकांची गाणी पाठ होती. ज्याने ते जाळले त्याने लाकूड जाळले नाही, या शहराची एक सवय जाळली. १९ जानेवारी २०२४ रोजी संध्याकाळी पावणेआठला ते एकाच वेळी तीन ठिकाणी पेटले. आग तीन ठिकाणी आपोआप लागत नाही, हे सांगायला वक्ता लागत नाही. कुलूप तुटलेले नव्हते. किल्ल्या दोन: एक विश्वस्तांकडे, एक चांदपाशाकडे. विश्वस्तांची चौकशी चहा घेता घेता झाली. चांदपाशाला अटक झाली.

५. चांदपाशा. चांदपाशा शेख, वय ७१, गुलशनचा पडदा ओढणारा आणि प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून पुढचे वाक्य पुरवणारा. १९८३ साली त्याच रंगमंचावर मी भर सभेत अडलो. विंगेतून हलका आवाज आला, "साहेब, 'सत्तेला प्रश्न विचारा' के आगे बोलो." मी बोललो. टाळ्या पडल्या. तेव्हापासून प्रत्येक भाषणाला तो पडद्यामागे होता. औताडे सर हातात चिठ्ठी घेत नाहीत, असे लोक कौतुकाने सांगतात. बरोबर आहे. चिठ्ठी चांदपाशाच्या हातात असे. आगीनंतरच्या तीन निषेध सभांच्या वेळी तो तुरुंगात होता. तिन्ही भाषणे पडली. लोकांना वाटले, सरांचा कंठ दाटला.

आग लागली त्या संध्याकाळी सात ते साडेआठ मी लासूर स्टेशनला बोलत होतो आणि तो पडद्यामागे होता. मी आयोजकांच्या गाडीने गेलो, तो एसटीने. नेहमी असेच ठरलेले असे. चारशे लोकांनी मला पाहिले. त्याला कोणीही पाहिले नाही, कारण न दिसणे हेच त्याचे काम. पोलिसांना तो एवढेच म्हणाला, "साहेबांचं भाषण ऐकायला गेलतो." माझे गुपित त्याने तिथेही सांभाळले. मग त्यांनी मला विचारले, "चांदपाशा तुमच्यासोबत होता का?"

मी म्हणालो, "व्यासपीठावर मी एकटाच होतो."

हे वाक्य शब्दशः खरे आहे. खरी वाक्ये जोडून खोटे कसे बोलतात, यावर माझे एक गाजलेले व्याख्यान आहे.

तो जामिनावर सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको जैतुनबी दारातच म्हणाली, "आओ, सर. आज तुमकू पीछे से कौन बता रा?"

"चूप बैठ गे," चांदपाशा म्हणाला. "साहेब, चाय घ्या."

मी चहा घेतला. पुढचे वाक्य सुचेना. ते सांगू शकणारा माणूस समोरच बसला होता. त्यानेही सांगितले नाही.

६. वही. चांदपाशा उर्दू शाळेत शिकला. माझी मराठी भाषणे तो उर्दू लिपीत उतरवून घेई. लासूरची वही पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी 'उर्दू वही' म्हणून जप्त केली आणि बांधून ठेवली. कोणी मोठ्याने वाचली असती तर माझेच भाषण निघाले असते. सातव्या पानाच्या कडेला त्याची नोंद आहे, सभेनंतर त्यानेच मला वाचून दाखवलेली: "सात पन्नास. लाईट गेली. साहेब थांबले नाहीत." लाईट गेली होती. मी थांबलो नाही, कारण त्या अंधारात तो स्वतःला पाठ असलेले भाषण मला सांगत होता. ही वही न्यायालयात वाचून घ्यावी. खर्च माझ्या ठेवीतून करावा. उरलेली ठेव जैतुनबीला.

७. अंमल. हा मसुदा प्रेरणाने टाइप केला. इथवर आल्यावर तिने हात थांबवले.

"बाबा, म्हणजे हे सगळं तुम्ही गेल्यावर कळणार?"

"मृत्युपत्र तेव्हाच अमलात येतं."

"चांदकाकांची तारीख कधी आहे?"

"अकरा ऑगस्टला."

"मग त्याच्या आत मरायचा विचार आहे का?"

वकिलांनाही विचारले. ते म्हणाले, "सर, मेलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी होत नाही."

सबब कलम १ ते ३ आणि ठेवीची वाटणी माझ्या मृत्यूनंतर अमलात यावी. तिची घाई नाही. कलम ५ व वहीबद्दलचे म्हणणे मात्र आजपासून लागू. मी बचावाचा साक्षीदार म्हणून नाव दिले आहे. अकरा तारखेला पिंजऱ्यात उभा राहीन. चांदपाशा आरोपींच्या बाकावर असेल आणि त्याला तोंड उघडायची परवानगी नसेल. मी अडलो, तर न्यायालयाने थोडे थांबावे, ही विनंती.

वरील मजकूर मोठ्याने वाचून, बदल न करता, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) नानासाहेब कारभारी औताडे

साक्षीदार:
(सही) डॉ. मोनिका दांडगे, पडेगाव
(सही) कडुबा सोनवणे, लासूर स्टेशन, १९ जानेवारीच्या सभेचे आयोजक

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २८ जुलै २०२५