पुडिंग टिकेल

प्रिय रोसाल्बा,

तुझं कार्ड जुलैत आलं. पुढच्या बाजूला तुझ्या गावचं, पोपायानचं, पांढरंशुभ्र चर्च, मागे एकच प्रश्न: ‘तो काळा गोळा अजून आहे का?’ उत्तर एका शब्दाचं होतं, म्हणूनच इतके महिने लागले. एका शब्दावर पानंच्या पानं भाष्य करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एकच शब्द लिहून पाकीट चिकटवणं जमत नाही. माझ्या संध्याकाळच्या संस्कृतच्या वर्गात वर्षभर बसून तू हे पाहिलेलंच आहेस. वर्गात अजून तिघंच असतात. तुझ्या खुर्चीवर आता एक दंतवैद्य बसतो. आमच्या रॉटनस्टॉल गावात याच खोलीचा हीटर धड चालतो म्हणून आले, असं तू पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं होतंस. हा मोक्षासाठी येतो, आणि विसर्ग उच्चारताना समोरच्याने आ करावा अशी त्याची अपेक्षा असते.

आई ठणठणीत आहे. तुझी वरची खोली तिने पुन्हा कुणाला भाड्याने दिलेली नाही. विचारलं तर म्हणते, जिना झिजतो. तुझा कप अजून खुंटीला आहे. आठवतं का, पहिल्या संध्याकाळी आईने चहात दूध घातलं, तेव्हा, तुमच्याकडे दुधाचा चहा आजाऱ्यालाच देतात म्हणून, तू घाबरून विचारलं होतंस, ‘घरात कुणी आजारी आहे का?’ आईने आयुष्यात प्रथमच स्वतःच्या चहाकडे संशयाने पाहिलं.

परका माणूस गावात आला की त्याला काहीतरी भयंकर खाऊ घालायचं आणि त्याचं तोंड बघत बसायचं, हा आमचा जुना खेळ. क्रिकेटपेक्षा बरा, कारण पावसाने थांबत नाही. तुझ्यासाठी आईने बाजारातून ब्लॅक पुडिंग नावाचं सॉसेज आणलं, उकडून मोहरीबरोबर वाढलं. शेजारच्या मिसेस ग्रिमशॉ तर स्वतःची उशी घेऊन खुर्चीत येऊन बसल्या. आईने अगदी सावकाश सांगितलं की हे डुकराचं रक्त आहे, पोरी. तू खाल्लंस. आणखी एक मागितलंस. मग सुरी ठेवून, शिक्षिकेच्या आवाजात म्हणालीस की चांगलं आहे, पण यात भात कसा नाही, कांद्याची पात कशी नाही, आमच्याकडे असते. बीभत्स रसाची तयारी करून आलेल्या मिसेस ग्रिमशॉ उशी काखेत मारून, प्रयोग रद्द झाल्यासारख्या घरी गेल्या. तुझ्यावर त्यांचा राग तेव्हापासून आहे. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, लक्षात ठेव.

सूड मार्माइटने, त्या यीस्टच्या खारट काळ्या लेपाने, घेतला. षड्रसांमध्ये न बसणारा तो सातवा रस आम्ही पावावर नुसता पुसतो. तू तुमच्याकडच्या आटीव दुधासारखा बोटभर जाड थापलास. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण घास टाकला नाहीस. आईकडे पाहून म्हणालीस, ‘वेगळीच चव आहे.’ एवढ्या थोड्या दिवसांत तू आमची भाषा इतकी आत्मसात केलीस, याचा मला वैयाकरण म्हणून अभिमान वाटला. आणि बाजाराजवळच्या त्या बिनदारूच्या दुकानात डँडेलियन-बर्डॉक या मुळ्यांच्या सरबताचा पेला हुंगून तू म्हणालीस की आजोबांच्या गुडघ्याला लावायच्या औषधाचा वास येतो. मग डोळे मिटून घोट घेतलास. त्या वेळी मी पेल्याकडे पाहत नव्हतो. आता तिथे गेलो की दोन पेले मागवतो. दुकानवाला काही विचारत नाही. आमच्या गावात एवढं सौजन्य अजून शिल्लक आहे.

घर खरं जिंकलंस ते चीजने. तू गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे सोडलेस, तेव्हा आई माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली की ही पोर दमली आहे बहुतेक. दुसऱ्या दिवशी तीच आई फळांच्या केकवर लँकशर चीजची चकती ठेवत होती, जशी तिची आई ठेवायची आणि तिची आजी. चकती हातात धरून ती मध्येच थांबली. केकवर चालतं तर पेल्यात का नाही, हा प्रश्न तिला पडलेला मी पाहिला. मग तिने स्वतःच्या कोकोत एक तुकडा सोडला. त्या दिवसापासून तू भाडेकरू राहिली नाहीस.

आता त्या काळ्या गोळ्याकडे येतो. नाताळआधीचा तो, नाताळचं गोड पुडिंग ढवळायचा रविवार. घरातल्या प्रत्येकाने डोळे मिटून, मनात काही मागून, लाकडी चमचा पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायचा. मनुका, साखर, मसाले, ब्रँडी इथपर्यंत तू खूश होतीस. मग आईने सूएट किसायला घेतलं. हे काय, असं तू विचारलंस, आणि मी शास्त्रशुद्ध ‘वृक्कमेद’ म्हणून वेळ मारून नेऊ पाहिली. आईने सरळ सांगितलं: गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. रक्ताला न डगमगलेली तू गोडात चरबी पाहून भिंतीला टेकलीस. तरी चमचा घेतलास, आणि उलटा फिरवलास. आईने टोकलं तेव्हा म्हणालीस, ‘मी पश्चिमेकडून आले, माझा चमचाही तिकडूनच येणार.’ आईने विचार केला आणि परवानगी दिली. असं दोन्ही दिशांनी ढवळलेलं पुडिंग लँकशरमध्ये दुसरं नसावं. आईने त्यात चांदीचं नाणं टाकलं, शिवताना बोटात घालायचं टोपण टाकलं. ज्याच्या घासात नाणं येईल त्याला लक्ष्मी, टोपण येईल त्याला ब्रह्मचर्य, हे तू ऐकलंस, हसलीस आणि हात धुवायला मागच्या मोरीकडे गेलीस.

नाताळच्या आत तुझ्या वडिलांच्या आजारपणाची तार यावी तसा फोन आला. तुला मँचेस्टरच्या स्टेशनवर सोडायला मी आलो. गाडी लागलेली होती. तू माझ्याकडे पाहत उभी होतीस, काहीतरी ऐकायचं असल्यासारखी. मी म्हणालो, ‘पुडिंग टिकेल.’

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुला वाटलं, हा माणूस निरोपाच्या वेळी स्वयंपाकघराची बातमी देतो आहे. तू हसलीस, गालाला गाल लावलास आणि चढलीस. मी मात्र, सांगायचं ते सगळं सांगून झालं अशा समाधानात घरी आलो. आमच्यातल्या माणसालाच हे जमू शकतं.

तुला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात ते कुणी सांगतच नाही, सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून. माझे वडील बोटीवर होते. लग्नाआधीच्या एका हिवाळ्यात त्यांनी माझ्या आजोळी, म्हणजे आईच्या माहेरी, चमचा फिरवला आणि लगेच त्यांना लिव्हरपूलहून निघावं लागलं. आई बंदरावर गेली आणि एवढंच म्हणाली, ‘पुडिंग टिकेल.’ ज्यांनी ढवळलं ते सगळे टेबलाशी असल्याशिवाय पुडिंग कापायचं नाही, हा त्या घरचा नियम. वडील परत आले, ते कापलं गेलं, आणि मग मी झालो. आमच्याकडे यापेक्षा स्पष्ट कुणी बोललेलं मला माहीत नाही.

तेव्हापासून तुझं पुडिंग कपाटात, वरच्या फळीवर, फडक्यात बांधलेलं आहे. आई त्याला अधूनमधून चमचाभर ब्रँडी पाजते आणि वास घेऊन मान हलवते. नवं केलेलं नाही. एक असताना दुसरं कशाला, म्हणते. आज पुन्हा तोच रविवार. जेवण झाल्यावर तिने फडकं सोडून पाहिलं, बांधलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘या नाताळला मी हे कापणार, रोलंड. नियम माझ्या आईचा होता, दात माझे आहेत. पोरगी आली तर चौघं बसू, नाही तर तिघं.’ तिसरं कोण, असं विचारलं, तर मिसेस ग्रिमशॉ. एकट्या असतात, म्हणे. त्यांनी होही सांगून टाकलं आहे. नवी उशी शिवताहेत.

म्हणून हे पत्र. त्या ढवळायच्या रविवारी तू मोरीशी होतीस तेव्हा आईने स्वतःच्या बोटातली अंगठी साबण लावून काढली, तीच, लाल खड्याची, जी वडिलांनी परत आल्यावर तिच्या बोटात घातली होती. ती माझ्यासमोर ओट्यावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत उभी राहिली. मी ती उचलली आणि पुडिंगच्या पिठात खोल दाबली. तू ओले हात झटकत आत आलीस, तोवर वरचं सपाट झालेलं होतं. नाताळला ती कुणाच्या तरी घासात येणार आहे, आणि मिसेस ग्रिमशॉ नेहमी मोठा तुकडा घेतात. तुझे वडील आता हिंडूफिरू लागले आहेत, हे कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात तूच लिहिलं होतंस. ते मी पुष्कळ वेळा वाचलं आहे. या वेळी गाडी सुटेपर्यंत थांबत नाही, सरळ लिहितो: ये. माझ्याशी लग्न कर, किंवा नको करूस, पण टेबलाशी ये. तू विचारलेल्याचं उत्तर हो, आहे. आलीस तर घास सावकाश चाव.

तुझाच, फळीवर नसलेला पण तितकाच टिकलेला,
रोलंड