खडे बायकांना होतात

१२ ऑगस्ट, अंगारकी
सकाळीच चिंतामणीचं दर्शन. कडक उपवास. फक्त साबुदाणा वडे, नऊ. सायंकाळी उजव्या बरगडीखाली कळ, पार पाठीपर्यंत. गॅस असणार. ओवा खाल्ला.

१४ ऑगस्ट
ऑफिसात पुन्हा कळ. आमचा शिपाई धरमसिंग म्हणाला, "साहेब, आमच्या हंसाबाईले असंच दुखे. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले." हंसाबाई त्याची बायको. बाईमाणूस. माझा काय संबंध?

१५ ऑगस्ट, सुट्टी
मोबाइलवर वाचून काढलं. खडे कोणाला? बायकांना जास्त. चाळिशी उलटलेल्यांना. जाड्यांना. लेकरं झालेल्यांना. गंगेकडच्या मुलखात जास्त. मी पुरुष, बासष्ट किलो, मुक्काम कळंब, नदी वर्धा. सुटलो. बायकोला, रजनीला, मात्र सगळं लागू. वय अठ्ठेचाळीस, लेकरं दोन, वजन विचारायची सोय नाही. बिचारी. तिला सांगायचं कसं?

१८ ऑगस्ट, श्रावण सोमवार
कळ दोनदा, उलटी एकदा. संकल्प: पोटाला विश्रांती. आजपासून एकच वेळ जेवण, तेही चार घास.

३ सप्टेंबर
पंचावन्न किलो. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. रजनी म्हणते, वाळून राह्यले तुम्ही, काहून असं करता? तिला काय सांगू? कळ आता रोज येते. आज ऑफिसच्या संडासात बसून रडलो.

८ सप्टेंबर
रजनीला यवतमाळला सोनोग्राफीला नेलं, तिच्या काळजीनं. ती म्हणाली, तुमची होत असेल तरच माझी.
तिचा रिपोर्ट साफ. माझी पिशवी खड्यांनी भरलेली.
डॉक्टरबाईंना मोबाइलवरची यादी दाखवली. म्हणाल्या, बायकांना जास्त होतात म्हणजे पुरुषांना माफी नसते. उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवलं तरी खडे धरतात, असलेले वाढतात. घरी येऊन पाहिलं. यादीत तेही होतं, दुसऱ्या पानावर. मी पहिलंच वाचलं होतं.

१० सप्टेंबर, संकष्टी
डोळे पिवळे. ॲडमिट. उद्या सकाळी ऑपरेशन. धरमसिंग हंसाबाईला घेऊन आला. कापूस वेचणारी काटक बाई, माझ्याहून बारीक. ही यादीत बसलीच कशी? म्हणाली, "भेऊ नका साहेब, मी तं दुसऱ्याच दिवशी चालून राह्यलती."
ते गेल्यावर रजनीला म्हटलं, मला फार भीती वाटते. ती हात धरून बसली.
आता नर्स सांगून गेली, सकाळपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. तीस वर्षं संकष्ट्या करतोय. खरा उपवास हा पहिलाच.