मागच्या खिडकीच्या उजेडाबाबत

मी, विनिफ्रेड टनिक्लिफ, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, धंदा फुटलेली चिनी मातीची भांडी सांधण्याचा, राहणार लीक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. जीव मात्र तीन आठवडे थाऱ्यावर नाही. आधीचे तीन मसुदे फाडले, हा चौथा कागद.

१. राहतं घर माझी भाची रोझलिंड हिला. मागची खिडकी तिने कधीही बुजवू नये. पंचेचाळीस वर्षं मी त्या खिडकीत बसून काम केलं. पांढऱ्यातही वीस पांढरे असतात आणि दिव्याखाली ते ओळखू येत नाहीत. दिव्याखाली सांधलेला कप सकाळी पिवळट दिसतो आणि गिऱ्हाईक तणतणत परत येतं.

२. ब्रश, रंग, हत्यारंही तिलाच. खिडकीत उजेड उरला नाही तर खुशाल विकावीत.

३. शेजारी डेझमंड ब्लूर यांना काहीही नाही. ते घरामागे दुमजली बांधकाम काढत आहेत. ती भिंत उठली की माझ्या टेबलावर भरदुपारी संध्याकाळ. चूक माझीही आहे. नकाशा घेऊन ते चहाला आले, सोबत बायकोच्या, थेल्माच्या, हातचा लिंबाचा केक. "विनी, तुझी काही हरकत नाही ना?" "छे रे, माझी कसली हरकत!" या प्रश्नाला आमच्या गल्लीत दुसरं उत्तर कुणी देत नाही. नगरपालिकेकडे तक्रार करायची मुदत परवा, शुक्रवारी, संपते. पत्र तयार आहे, पण तोंडाने हो म्हणून बसले, म्हणून ते ड्रॉवरमध्येच पडून आहे.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून साक्षीला मुद्दाम डेझमंडलाच बोलावलं आहे.

५. हे कलम आत्ता, सह्या होण्याआधी वाढवते. डेझमंड आला आणि नेमका खिडकीत उभा राहिला.

"विनी, अंधार आहे गं इथं. दिवा लावू का?"

"दिवा नको, तू बाजूला हो. आणि डेझमंड, माझी हरकत आहे."

"कशाला?"

"तुझ्या वरच्या मजल्याला. खालची खोली बांध, थेल्माला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, ते मला दिसतं. वर चढू नकोस."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू केक आणला होतास."

माझ्या पायाची पट्टी बदलायला आलेली नर्स ग्लेनिस खाली मान घालून हसली. मी पत्र काढून डेझमंडच्या हातात दिलं. तीस वर्षं माझी पत्रं पेटीत तोच टाकतो. त्याने पत्ता वाचला, कान लाल झाले. "टाकतो," म्हणाला आणि कोटाच्या खिशात घातलं.

रोझलिंड, हा कागद ग्लेनिस आजच तुला आणून देईल. शुक्रवारी दुपारी नगरपालिकेला फोन कर आणि पत्र पोचलं का, एवढंच विचार. दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. उजेड जायचा तर जाईल. पण तीस वर्षं माझ्या शेजारी कोण राहत होतं, ते मला मरायच्या आधी कळायला हवं.

सही: विनिफ्रेड टनिक्लिफ

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
डेझमंड ब्लूर, शेजारी
ग्लेनिस ह्यूम, नर्स

लीक, स्टॅफर्डशायर
बुधवार, ९ मार्च २००५