सत्तावन्न किलो

प्रिय दादा,

तू गेल्यापासून वर्षभरात तुला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज लिहितेय, कारण काल दुपारी तो सेक्रेटरी सुदामा नगरला माझ्या घरी आला. तोच, आपला बॉक्सिंग संघाचा. सोफ्यावर पसरला, पोहे खाल्ले, वरून शेव मागून घेतली आणि म्हणतो कसा, "बहनजी, भाई साहब का एक बढ़िया फोटो दे दो. उनके नाम से ट्रॉफी रख रहे हैं."

मी उठून मोरीत गेले आणि ओकले. बाहेर येऊन म्हटलं, फोटो मिळणार नाही, निघा. त्याची उष्टी बशी घासायला हात धजेना, तशीच कचऱ्यात फेकली. वेडेपणा आहे ना? असू दे.

पण तुला या माणसाची किळस कशी आली नाही रे?

तुझ्या त्या लढतीच्या वर्षी मिल बंद पडली. बाबांची नोकरी गेली, बदली कामगार म्हणून तुला मिळणारी पाळी गेली. उरली मिलच्या हॉलमधली रिंग. हॉलला कुलूप लावायचं कुणाला सुचलं नव्हतं म्हणून. राज्याच्या स्पर्धेत जिंकलास तर रेल्वेत खेळाडू म्हणून लागशील, एवढी एकच आशा होती घरात. तू साठ किलोत लढायचास, एरवी वजन बासष्ट भरायचं. महूच्या पलटणीत आजोबांचा डावा ठोसा जसा बसायचा तसाच तुझा बसतो, असं बाबा सगळ्या क्वार्टरांत सांगत फिरायचे.

आणि नऊ दिवस उरले असताना सेक्रेटरी दारात. साठ किलोत त्याचा भाचा उतरणार होता! "तू सत्तावन में लड़ ले भिया. पाँच किलो ही तो कम करना है, पसीने में निकल जाएगा."

तू मान डोलावलीस. का? निवडीच्या कागदावर सही त्याची होती, हे मला कळतं. तरी राग येतो, दादा. आजही येतो.

मग ते नऊ दिवस! भर उन्हात अंगाला प्लास्टिक गुंडाळून, वर दोन स्वेटर चढवून धावायचास. दिवसाला एक अंडं. शेवटच्या तीन दिवसांत पाणीसुद्धा बंद. चिंच चघळत स्टीलच्या पेल्यात थुंकत बसायचास, वजन थुंकीतून जावं म्हणून. तो पेला मी ओतायची. चिकट, तारा सुटलेली ती थुंकी अजून माझ्या बोटांना लागते. तुझ्या तोंडाला सडक्या पेरूसारखा वास यायचा. मी सतरा वर्षांची होते आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, बोल!

आई शेतकामाला सिमरोलला मावशीकडे गेली होती. बाबा उजाडताच काम शोधायला बाहेर पडायचे, ते रात्रीच परतायचे. घरात मीच. तूच सांगितलं होतंस, "मंदे, मी मागितलं तरी पाणी देऊ नकोस." शेवटच्या सकाळी वजन व्हायच्या आधी तू हात जोडलेस. "एक घोट दे गं." मी माठ आतल्या खोलीत नेला आणि दाराला पाठ लावून बसले. तू बाहेरून दार खाजवत होतास. धडक देऊन उघडायचं बळ तुझ्यात नव्हतं.

वजन बरोबर सत्तावन्न भरलं. सेक्रेटरीने पाठ थोपटली.

दुसऱ्याच फेरीत तुझे पाय लटपटले. समोरच्याचा ठोसा लागलाही नव्हता आणि तू दोरीवर कोसळलास, पिवळं ओकलास. पंचाने लढत थांबवली. मी दुपट्ट्याने तुझं तोंड पुसत होते, तेव्हा मागून तो हसत म्हणाला, "रात को चढ़ा ली होगी हीरो ने." बाबा तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि पाठ फिरवून घरी चालू लागले.

त्याच्या भाच्याला नोकरी लागली. तुला तुकोगंजमधल्या एका दवाखान्याच्या दारात वॉचमनचा डंडा मिळाला.

मी आईबाबांना खरं काय ते सांगायला निघाले होते, तर तू हात धरलास. "चूप राहा. पाणी तू लपवलंस हे आईला कळलं तर तुझं या घरात राहणं कठीण होईल. मला दारुडा म्हणू दे, काय फरक पडतो?" ज्याने आयुष्यात थेंब चाखला नाही, तो दारुडा! आणि मी ऐकलं. सोयीचं होतं ना मला. बाबा तसेच गेले, तुझ्याशी अबोला धरून. आई अजून लोकांना सांगते, "पोरगा सोन्यासारखा होता, पण त्या एका रात्री बाटली लागली हाताला." मी शेजारी बसून भाजी निवडत असते.

सेक्रेटरीची घाण वाटते, पण काल मोरीत वाकले तेव्हा कळलं, सगळी घाण काही त्याची नव्हती.

तुझा शब्द मोडतेय, दादा. उद्या सकाळी आईला समोर बसवून सगळं सांगणार आहे. भाचा, सही, उपाशी नऊ दिवस आणि माठ कुणी उचलला तेही. ती मारेल, नाहीतर शिव्या देईल. मी उठून जाणार नाही.

जय भीम.

तुझी,
मंदा