वाट क्रमांक दोनवरील तिसऱ्या घावाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जिल्हा उद्यान कार्यालय,
तळमजला, खोली क्र. ३.

विषय : येत्या रविवारचा अर्जदाराचा सत्कार रद्द करून चौकशी अहवालातील परिच्छेद चार दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) आपला चौकशी अहवाल.
२) "झालं ते झालं, आता मढी उकरू नका," हे आपले तोंडी सांगणे.

महोदय,

१. अर्जदार आपल्या उद्यानात एकोणीस वर्षे देखभाल कामगार असून सायकलवाट क्रमांक दोन त्याने स्वतः खणून काढलेली आहे. वाट साडेतीन किलोमीटरची आहे. चढ इतकाच ठेवला आहे, की सहा वर्षांच्या पोरालाही उतरून सायकल ढकलावी लागू नये. वळणे रुंद आहेत, वर आलेली मुळे मातीने बुजवली आहेत, ओढ्यावर फळ्यांचा साकव आहे. फाटकावर "सोपी वाट, सहकुटुंब यावे" ही पाटी आहे, तिच्यावरचे अक्षरही अर्जदाराचेच. ही स्वतःची टिमकी नव्हे. पुढचा प्रकार कसल्या जागी घडला, हे साहेबांच्या ध्यानात यावे एवढ्यासाठी लिहिले.

२. घटनेच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास अर्जदार साकवाची सुटलेली फळी ठोकत असताना वरच्या उतारावरून एक सायकल एकटीच खाली आली आणि कठड्याला धडकून पडली. तिच्यावर कोणी नव्हते. अर्जदार धावत वर गेला. वळणावर दोन झाडांमध्ये छातीच्या उंचीवर बारीक तार ताणलेली होती. सायकलवर वाकून बसलेल्या बाईच्या ती बरोबर गळ्यात बसली होती. बाई पाठीवर पडली होती आणि दर श्वासाला गळ्यातून रक्ताचे बुडबुडे येत होते. मागून तिच्या दोन मुली येत होत्या. अर्जदाराने थोरलीला फाटकाकडे पिटाळले, धाकटीला पाठमोरी बसवून शंभरपर्यंत आकडे म्हणायला सांगितले आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. धाकटी मध्येच आकडे विसरायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. रुग्णवाहिकेला बावीस मिनिटे लागली. बाई वाचल्या. आवाज मात्र गेला, आता त्या कुजबुजल्यासारखे बोलतात.

३.  दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला अर्जदार फावडे घेऊन वाट पालथी घालू लागला. पाचव्या दिवशी वरच्या वळणावर एक माणूस झाडाशी वाकलेला दिसला. हातात पकड होती आणि झाडाला तार. उद्यानात ज्यांना सगळे टिकटिककाका म्हणतात, ते हे घड्याळदुरुस्तीवाले. रोज आपल्या पत्नीचा हात धरून फिरायला यायचे, दिसले की आधी स्वतः नमस्कार करायचे. अर्जदाराच्या डोळ्यांत रक्त उतरले. त्याने काही न विचारता फावड्याच्या पाठीने पहिला घाव त्यांच्या पाठीवर घातला. ते गुडघ्यांवर आले. दुसरा घाव जबड्यावर बसला, दोन दात पडले.

४. आता अहवालातील परिच्छेद चार. तेथे म्हटले आहे की, "आरोपीस दुसरी तार बांधताना रंगेहाथ पकडण्यात आले, त्याने पकड उगारली, सबब कर्मचाऱ्याने स्वसंरक्षणार्थ एक फटका मारला." हा जबाब अर्जदाराचाच आहे आणि तो खोटा आहे. पकड कोणी उगारली नव्हती. तार बांधली जात नव्हती. दुसऱ्या घावानंतर काका रक्ताची गुळणी टाकून म्हणाले, "बांधत नाही हो, काढतोय. ही एकच राहिली होती, पाल्यात सैल टाकलेली."

अर्जदाराला ते स्पष्ट ऐकू आले. तारेचे तोडलेले टोक गवतावर वेटोळे होऊन पडले होते, तेही त्याने पाहिले. म्हणजे गैरसमज उरला नव्हता. उठण्यासाठी काकांनी उजवा हात झाडाच्या मुळावर टेकवला होता. अर्जदाराने फावडे फिरवले, धार खाली केली आणि तिसरा घाव त्या हातावर घातला. दोन बोटे पूर्ण तुटली, तिसरे अर्धे. ती पाचोळ्यात पडली. त्या क्षणी अर्जदाराला बरे वाटले. ही ओळ दोनदा खोडून पुन्हा लिहिली, पण खरे तेच आहे.

५. काकांनी पोलिसांना जबाब दिला, की ताणलेली तार सुटली आणि तिनेच बोटे गेली. दोघांचे खोटे एकमेकांत चपखल बसल्याने कोणी खोलात गेले नाही. अर्जदार इस्पितळात त्यांना भेटायला गेला, तेव्हा दाराशी बसलेल्या पोलिसाने त्याची पाठ थोपटून त्याला आत सोडले. काकांचा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. खोटे का बोललात, असे विचारल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, "त्या बाईंच्या मुली मी फाटकावर पाहिल्या. बोटं देऊन काही फिटलं असेल, तर फिटू दे. तुम्ही मध्ये पडू नका."

तार कशासाठी, हेही अर्जदाराने विचारले. भरधाव सायकलवाल्या टोळक्याने दीड महिन्यापूर्वी त्यांच्या पत्नीला वळणावर उडवले होते. खुबा मोडला, त्या अजून अंथरुणावर आहेत. काकांनी उद्यानाच्या तक्रारवहीत दोनदा लिहिले होते. अर्जदाराने परत येऊन वही काढली. दोन्ही तक्रारींखाली "समज दिली" असा शेरा आहे. वही अर्जदाराकडेच असते, शेरा त्याचाच आहे. त्याने कोणालाही समज दिलेली नव्हती. टोळके जोरात जाते आणि उलट बोलते, म्हणून तो त्यांच्या वाटेला गेला नव्हता.

याने काकांचा गुन्हा पुसला जात नाही. त्या बाईंचा गळा अर्जदाराच्या हातांखाली होता, हे तो विसरलेला नाही.

६. इकडे अर्जदाराला भलतेच दिवस आले. दाढी करायला गेले तर न्हावी नंबर मोडून आधी बसवतो. बाईंचे यजमान घरी येऊन हात हातात घेऊन रडले आणि जाताना म्हणाले, "चांगला ठोकलात त्याला." त्या दिवशी जेवायला वाढताना बायकोने विचारले, "तो उठून तुमच्या अंगावर आला होता का?" अर्जदार हो म्हणाला. एकवीस वर्षांच्या संसारात ती त्याचे तोंड पाहूनच खरे-खोटे ओळखते. तिने आमटीचे भांडे खाली ठेवले आणि ती आतल्या खोलीत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतेच बोलते.

७. पुढील महिन्यात कोर्टात आपला अहवाल वाचला जाणार आहे. एका बाईच्या गळ्यावरून तार गेल्यानंतरही माणूस दुसरी बांधत होता, असे ठरले तर त्याला शिक्षा दुप्पट होईल, असे वकील सांगतात. पहिल्या तारेची शिक्षा काकांनी भोगावी. जी तार ते तोडत होते, तिची त्यांना होऊ नये.

सबब विनंती की :

अ) सत्कार, मानचिन्ह व छायाचित्र रद्द करावे.

आ) परिच्छेद चारमध्ये "बांधताना" ऐवजी "काढताना", "एक" ऐवजी "तीन" अशी दुरुस्ती करावी, आणि "स्वसंरक्षणार्थ" हा शब्द काढून टाकावा. त्याजागी कोणता शब्द घालावा, हे अर्जदाराला सुचले नाही.

इ) वाट क्रमांक दोन बंद करू नये. बाईंनी कागदावर लिहून कळवले आहे, की मुलींना तेथेच पुन्हा सायकलवर बसवायचे आहे. वरच्या वळणाआधी वेगरोधक घालावेत आणि तक्रारवहीवर असा माणूस नेमावा, जो लिहिलेले करतो.

हा अर्ज वाचून साहेब तो खणात टाकतील आणि अर्जदाराला बोलावून मायेने चार गोष्टी सांगतील, हे तो जाणतो. साहेबांनी त्याला नेहमीच सांभाळून घेतले आहे. म्हणून याची एक प्रत आज सकाळीच पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली आहे. ठाणे अंमलदारांनी ती दोनदा वाचली आणि बाकावर बसायला सांगितले. वरील मजकूर आपल्यासाठी त्याच बाकावर बसून पुन्हा उतरवून काढला आहे. कोणाला तरी घरी कळवावे. बायको फोन उचलेल. तिला फक्त एवढे सांगावे, की तो खरे बोलला.

आपल्या आस्थापनेवरील,
देखभाल कामगार, वाट क्रमांक दोन
(सही)

दिनांक : सत्काराआधीचा गुरुवार

सोबत : तक्रारवहीची दोन पाने, शेऱ्यांसह.