छातीवरचा अंगारा

४ एप्रिल २०१६
आले एकदाची! तलवाड्याच्या अलीकडे सहकारी साखर कारखान्याचा हा दवाखाना. ऊस नाही म्हणून कारखाना बंद, पण मॅमोग्राफीचं यंत्र मात्र नवंकोरं. ते चालवायला मी सोलापूर सोडलं. मोठं गुणी यंत्र आहे. स्तनातला मिठाहून बारीक कॅल्शियमचा कणसुद्धा दाखवतं. असे कण झुपक्यानं दिसले की कॅन्सरची शंका घ्यायची, गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी. दारातच इथल्या आयाबाई कडूमावशींनी माझ्या गळ्याखाली अंगारा लावला. नव्या माणसाला लावायचाच असतो म्हणे. मीही हौसेनं लावून घेतला.

९ एप्रिल
बायका लाजत, एकमेकींना पुढं ढकलत येतात. प्रत्येकीच्या छातीवर मावशींचा अंगारा! राख फोटोत कॅल्शियमसारखीच पांढरी उमटते, म्हणून आधी ओल्या फडक्यानं पुसावं लागतं. टँकरचा भरवसा नाही, एका वाटीत चौघी-पाचजणी उरकते. चतुराबाईंच्या फोटोत तरीही चंद्रासारखी एक बारीक पांढरी कोर राहिलीच. मावशींना झापलं. त्या नुसत्या हसल्या.

१५ एप्रिल
चतुराबाई पुन्हा आल्या. माझ्या वाटणीच्या पाण्यानं त्यांना घासून आंघोळ घातली आणि फोटो मोठा करून काढला. कोर तिथंच. कातडीवर नाही, आत. आणि आज आलेल्या प्रत्येकीत तीच कोर, त्याच जागी. यंत्राची फळी पुसली, चाचणीचा ठोकळा ठेवून पाहिला. स्वच्छ. फोटो तपासणारे बीडचे डॉक्टर फोनवर म्हणाले, यंत्रच बिघडलंय. किती बरं वाटलं ऐकून.

१९ एप्रिल
अंगारा कुठल्या देवाचा, म्हणून मावशींना खोदून विचारलं. देवाचा नव्हेच. त्यांची लेक तुळजा मार्गशीर्षात छातीच्या कॅन्सरनं गेली. सिंदफणा कोरडी, अस्थी सोडायला पाणी नाही. गाठोडं काठावरच्या लिंबाला टांगलंय. त्यातली ही राख.
"रोग तिला वळखतो, ताई. राख दिसली की त्याला वाटंल, हितलं काम झालंय. म्होरं जाईल."
रागावताच येईना. मग त्यांनी पेटीतून तुळजाची औरंगाबादला काढलेली जुनी फिल्म बाहेर काढली. तीच कोर.

२२ एप्रिल
कोर वाढतेय. चतुराबाईंच्या काखेत आता गाठ लागते.
तुळजाची राख सोडायला दवाखान्याचं पिण्याचं पाणीसुद्धा उचललं, कोरड्या नदीत नेऊन ओतलं. मावशींनी रडत गाठोडं सोडलं. वाळूनं पाणी पिऊन टाकलं. राख वरच राहिली. मग वारा सुटला — सगळी आमच्या अंगावर — तोंडात —

२४ एप्रिल
इंजिनिअर येऊन गेला. यंत्र ठीक आहे.
देवा, यंत्र ठीक आहे.

२५ एप्रिल
आज मीच फळीवर उभी राहिले. बटण मावशींनी दाबलं. पहिल्या दिवशीचा अंगारा मी धुतला होता ना? नाही — त्या दिवशी टँकर कुठं आला होता —
फोटो उमटतोय. अजून काळा आहे. काळाच राहू दे. तुळजा, मी पाणी आणलं होतं गं, पुरलं नाही —
कोर —
मावशी पडद्याकडं बघत नाहीत. माझ्याकडं बघून लेकीला हाक मारतायत.
आणि मी ओ दे